पेल्ट्झमनचा पादचारी

अपघात म्हणजे माहितीचा अभाव, असा सिद्धान्त आमच्या एका अभियंता-लेखक मित्राने मांडला आहे. चाकणहून महिंद्राच्या 'बीई ६' आणि 'एक्सईव्ही ९ई' या विजेवरच्या गाड्या बाहेर पडू लागल्यापासून त्यांना विशेष स्फुरण चढले आहे. या गाड्यांच्या वरच्या मॉडेलांत पुढच्या काचेवर उमटणारे बाण आणि आकडे समोरच्या रस्त्यावरच तरंगताहेत असे चालकाला भासते. उद्या वळणापलीकडचा ट्रक, बसआडून धावत येणारे पोर, धुक्यातली म्हैस, सगळे लाल चौकटीत दिसेल आणि अपघात संपतील! उद्गारचिन्ह मित्रवर्यांचे.

आडोशापलीकडचे कॅमेऱ्यालाही दिसत नाही. पलीकडच्या वाहनाने किंवा रस्त्याकडेच्या यंत्राने कळवले तरच ते काचेवर येणार. आपल्या महामार्गांवर बंद पडलेल्या ट्रकचे मागचे दिवेही अनेकदा पेटत नाहीत. त्याची सगळी संदेशयंत्रणा म्हणजे मागे मांडलेले चार दगड आणि एक झाडाची फांदी. शिवाय डोळ्यांसमोर आले म्हणजे दिसलेच, असेही नाही. काचेवर माहिती दाखवण्याची ही कल्पना लढाऊ विमानांतली. १९८८ मध्ये जनरल मोटर्सने ती मोटारीत आणली. त्याआधीच नासाच्या एम्स केंद्रात कृत्रिम कॉकपिटमध्ये प्रवासी विमानांच्या वैमानिकांवर प्रयोग झाले होते. काचेवरच्या आकड्यांत गुंतलेल्या काहींना धावपट्टीवर आडवे आलेले विमान दिसलेच नाही.

पण माझा खरा साक्षीदार सॅम पेल्ट्झमन. शिकागोच्या या अर्थशास्त्रज्ञाने १९७५ मध्ये लिहिले की, अमेरिकेतल्या मोटार-सुरक्षेच्या नियमांमुळे एकूण मृत्यू घटले नाहीत, कारण सुरक्षित वाटू लागलेला चालक जास्त जोरात गाडी हाकतो. टीकाकार त्याच्या आकडेमोडीवर तुटून पडले. पण दाखले पुढेही येत राहिले. म्युनिकमध्ये टॅक्सींच्या एका गटाला चाक लॉक होऊ न देणारे ब्रेक दिले, दुसऱ्याला दिले नाहीत. नव्या ब्रेकवाल्यांचे अपघात काही कमी झाले नाहीत, ते वळणे मात्र अधिक झोकात घेऊ लागले. फिनलंडचा दाखला तर थेट आपल्या विषयाचा. तिथे ताशी ८० किलोमीटर मर्यादेच्या, वळणावळणाच्या रस्त्यांच्या कडेला प्रकाश परावर्तित करणारे खांब रोवले. रात्री रस्ता लांबवर दिसू लागला. वेग वाढला आणि माणसे जखमी होणारे अपघातही वाढले. अंधार धोकादायक खरा, पण तो चालकाचा पाय ॲक्सिलरेटरवरून उचलायलाही लावत होता. मित्रवर्यांची काच हा अंधारच काढून घेणार.

इथे वाद जिंकल्याचे जाहीर करून थांबता आले असते. पण पेल्ट्झमन गरजेपेक्षा जास्तच सिद्ध करतो. त्याचे म्हणणे शेवटपर्यंत ताणले तर हेल्मेटही नको, सीटबेल्टही नको. हेल्मेटसक्तीविरुद्ध उभ्या ठाकलेल्या पुणेकरांच्या हाती हा प्रबंध लागला नाही, हे पुण्याचे नशीब. अमेरिकी राज्यांतल्या सीटबेल्टच्या कायद्यांचा अभ्यास करून कोहेन आणि आयनाव यांनी २००३ मध्ये दाखवले की, पट्ट्यामुळे मृत्यू घटतात आणि पट्टा बांधलेला चालक बेफाम होतो याला म्हणावा तसा पुरावा नाही. तेव्हा सुरक्षा दिली की माणूस ती उधळणारच, हे माझे लाडके मत मी इथेच सोडतो.

मात्र पेल्ट्झमनच्या त्याच लेखात आणखी एक गोष्ट होती. गाडीतल्यांचे मृत्यू कमी झाले, तरी पायी चालणाऱ्यांच्या वाट्याचे वाढले असावेत, असे त्याचे अनुमान होते. हा तपशील आपल्याकडे तरी बाजूला सारता येणार नाही. २०२२ मध्ये भारतातल्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांत दुचाकीवरची ४४.५ टक्के आणि पायी चालणारी १९.५ टक्के. म्हणजे मरणाऱ्यांपैकी बहुसंख्यांच्या पुढ्यात मुळात काचच नाही. काचेच्या आत बसलेल्याचा वेग पाच-दहा किलोमीटरने वाढला तर त्याची किंमत बाहेरचा मोजणार.

घाटातल्या वळणावरचा बहिर्गोल आरसा एसटीच्या चालकाला दिसतो, सायकलवाल्यालाही दिसतो. त्याने दिलेली सूचना सार्वजनिक असते. काचेवरची सूचना खरेदीदाराची. हा फरक तंत्रज्ञानाचा नाही. पैसे कोणी भरले याचा आहे.

तरी मी काचेच्या विरोधात नाही. माझी अट एवढीच की, काचेवर लाल चौकट उमटली की गाडीने आपला वेग आपणच उतरवावा आणि धोका मागे पडेपर्यंत चालकाने कितीही पाय दाबला तरी तो वाढू नये. युरोपीय संघाने जुलै २०२४ पासून प्रत्येक नव्या मोटारीत वेगमर्यादेची जाणीव देणारी यंत्रणा सक्तीची केली आहे, पण ती चालकाला झुगारता येते. मला न झुगारता येणारी हवी. अशी गाडी शोरूममध्ये कोणी घेणार नाही, असे मित्रवर्य म्हणतात. मलाही तसेच वाटते. म्हणून ही अट गिऱ्हाइकाच्या मर्जीवर न सोडता नियमात घालावी.