दाद कुणाच्या नावावर?

आमच्या खासबागेत मागांचा खडखडाट पहाटेच सुरू होतो. साडी विणून बाजारात जाते तेव्हा तिच्या खोक्यावर दुकानाचे नाव असते, विणकराचे नसते. हा व्यवहार इतका अंगवळणी पडला आहे की त्यात काही वावगे आहे असे कुणाच्या मनातही येत नाही. कलेच्या बाबतीत मात्र आपण छातीठोकपणे म्हणतो की तिथे कर्त्याचे नाव मागे उरते. खरेच उरते का?

मास्टर भगवान यांचा 'अलबेला' हा चित्रपट १९५१ सालचा. त्यातली गाणी आमच्या घरी वडिलांच्या रेडिओमुळे सर्वांना पाठ होती. गाणी कुणाची, असे विचारले तर लहान मूलही सांगे, सी. रामचंद्रांची. ते उत्तर खरेच होते, पण पुरते नव्हते. त्या गाण्यांतून जो ट्रम्पेट खदखदून हसतो, त्याच्यामागे चिक चॉकलेट नावाचा माणूस होता. हे मला वयाच्या पंचेचाळिशीनंतर कळले.

त्यांचे खरे नाव अंतोनियो झेवियर वाझ. जन्म १९१६ चा, बारदेशातल्या हळदोणे गावचा. म्हणजे आमच्या बेळगावहून घाट उतरले की लागणाऱ्या मुलखातला. गोव्यात चर्चच्या शाळांतून मुलांना पाश्चात्त्य स्वरलिपी शिकवली जाई. तेवढी पुंजी गाठीशी बांधून कित्येक गोमंतकीय तरुण मुंबईला आले. लुई आर्मस्ट्राँग हे चिकचे दैवत, आणि लोकही त्यांना हिंदुस्थानचा आर्मस्ट्राँग म्हणत. रात्री ताजमहाल हॉटेलात बँड आणि दिवसा चित्रपटांचे ध्वनिमुद्रण, असा त्यांचा उद्योग होता.

तेव्हाची कामाची रीत समजून घेतली पाहिजे. संगीतकार पेटीवर चाल बांधी. ती वाद्यवृंदाने वाजवायची, तर प्रत्येक वाद्याचा वाटा कागदावर मांडावा लागे. दोन ओळींमधली जागा कशाने भरायची, व्हायोलिनांनी केव्हा उठायचे, कुणी कुठे गप्प बसायचे, हे पुष्कळदा गोमंतकीय सहायक ठरवीत. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस, फ्रँक फर्नांड ही त्यातलीच नावे. चिक हे सी. रामचंद्रांचे सहायक. तबकडीच्या लेबलावर चित्रपटाचे, गायकाचे, संगीतकाराचे नाव असे. वादकांचे बहुधा नसे. 'अलबेला'त चिक आणि त्यांचे साथीदार झालरीचे सदरे घालून पडद्यावरसुद्धा दिसतात. लाखोंनी त्यांना पाहिले, ऐकले आणि ओळखले मात्र नाही.

याने सी. रामचंद्र लहान होतात का? मुळीच नाही. चाल त्यांची होती, आणि परक्या मुलखातला ताल आपल्या मातीत रुजेल हे ओळखणारा कानही त्यांचाच होता. श्रेय म्हणजे काही वडिलोपार्जित जमीन नव्हे, की एका भावाला वाटा दिला म्हणजे दुसऱ्याचा घटावा.

दुसरी शंका अधिक अवघड आहे. चिक १९६७ साली गेले. आज आपण त्यांचे नाव घेतले काय किंवा न घेतले काय, त्यांना त्याचे काय? मग हे ऋण फेडायचे कुणाला?

याचे उत्तर मला एका विद्यार्थ्याने दिले. काही वर्षांपूर्वी आमच्या स्नेहसंमेलनात समूहगीत झाले. गाणाऱ्या मुलींचे आणि गाणे बसवणाऱ्या बाईंचे मी व्यासपीठावरून तोंड भरून कौतुक केले. मागे उभा राहून ट्रम्पेट वाजवणाऱ्या नववीतल्या मुलाचे नाव राहून गेले. त्याचे वडील लग्नाच्या वरातीत बँड वाजवतात. विसरलो, असे मी स्वतःची समजूत घालण्यासाठी म्हटले. पण मनाच्या तळाशी 'वाजंत्री' हा शब्द होता, हे आज कबूल केले पाहिजे. दुसऱ्या दिवशी मी त्याला बोलावून दिलगिरी व्यक्त केली. तो म्हणाला, "नावाचं असू दे सर. पण मधला तुकडा तुम्ही ऐकलात का?"

मला तो आठवेना. मी ऐकलाच नव्हता.

त्या मुलाने माझी चूक माझ्यापेक्षा नेमकी ओळखली होती. ज्याला आपण मनातून क्षुल्लक ठरवतो, त्याचे सूर कानावर पडूनही आत पोचत नाहीत. नाव घेणे हा नुसता शिष्टाचार नव्हे. नाव ठाऊक झाले की कान तिकडे वळतो. जॅझ हे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचे संगीत. ब्लूजच्या दुःखाशी त्याचे जवळचे नाते आहे. त्यात ठरलेली चाल वाजवून झाली की वादकाला स्वतःचे काही सांगावे लागते. ख्याल ऐकणाऱ्याला हे समजावून सांगायला नको. पण तो सांगत असताना समोरचा ऐकतच नसेल, तर तबकडी जपून ठेवली तरी माणूस हरवतो. म्हणून हे ऋण गेलेल्याला फेडायचे नसते. ते फेडले नाही, तर दरिद्री आपणच राहतो.

या दिवाळीत फराळ आटोपला की 'अलबेला'ची गाणी पुन्हा लावून पाहा. ओठांवर येणारे शब्द तेवढे आवरा. दोन कडव्यांच्या मधे गप्प बसा. हळदोण्याचा एक माणूस तिथे पंचाहत्तर वर्षांपूर्वीपासून बोलतो आहे.