आधी काम, मग तयारी

मराठीतल्या स्वमदत गटांत मानसिक आजाराशी झगडणाऱ्याला शुभार्थी म्हणतात आणि त्याला सांभाळणाऱ्याला शुभंकर. अशा गटाच्या बैठकीत एक प्रश्न हमखास निघतो. तो बहुधा एखादे निवृत्त वडील विचारतात, तेही चहाच्या वेळी, आवाज खाली आणून: “याला नोकरी लागली, तर आमच्या माघारी याला पेन्शन मिळेल ना?” दहा वर्षं पोराच्या हाताला काम नाही म्हणून झुरलेला बाप आता काम मिळेल म्हणून धास्तावलेला असतो. ऐकणाऱ्याला हे चमत्कारिक वाटेल. मला त्यात सरळ हिशेब दिसतो आणि तो चुकलेला नसतो. हा हिशेब बापाच्या गळ्यात कसा पडला, हे समजायला मानसिक आजार आणि काम यांच्या नात्याचा सव्वादोनशे वर्षांचा प्रवास पाहावा लागतो.

इंग्लंडमधल्या यॉर्क इथे 1796 साली विल्यम ट्यूक या चहाच्या व्यापाऱ्याने ‘रिट्रीट’ नावाचं निवासस्थान सुरू केलं. ट्यूक क्वेकर पंथाचा. ज्या काळात वेड्यांना साखळदंडात ठेवणं सर्रास चाले, त्या काळात त्याने त्यांना बागेत, शेतात, शिवणकामात गुंतवलं. नेमून दिलेल्या कामाने माणूस स्वतःला आवरायला शिकतो, ही त्यामागची श्रद्धा. आपल्याकडे “कामाला लावा त्याला, डोकं ठिकाणावर येईल” असं सांगणाऱ्या मामा-काकांनी ट्यूकचं नाव ऐकलेलं नसतं, पण त्यांचं औषध तेच. त्याच्याबरोबरचं दुसरं औषध, म्हणजे लग्न, मात्र ट्यूकने सुचवलं नव्हतं!

ट्यूकची कल्पना मोठ्या सरकारी इस्पितळांत गेली आणि तिचा रंग पालटला. हजार हजार रोगी, त्यांची शेती, त्यांचा धोबीखाना, त्यांचंच स्वयंपाकघर. उपचार म्हणून सुरू झालेलं काम इस्पितळाचा खर्च भागवू लागलं. रोग्याला मजुरी नव्हती; फार तर विडी-सिगारेट मिळे. वीस वर्षं रोज इस्पितळाच्या चादरी धुणारी बाई ‘काम करायला असमर्थ’ म्हणूनच तिथे ठेवलेली असे. हा विनोद कुणाच्या लक्षात आला नाही, की आला आणि सोयीचा म्हणून गिळला गेला?

1973 साली अमेरिकेतल्या एका संघीय न्यायालयाने सांगितलं की, इस्पितळाला ज्या कामाचा आर्थिक फायदा होतो ते करणारा रोगी कामगारच आहे आणि त्याला किमान वेतन द्यावंच लागेल. न्याय झाला, पण फळ उलटं मिळालं: पैसे द्यायचे म्हटल्यावर बऱ्याच इस्पितळांनी कामच बंद केलं. रोगी दिवसभर भिंतीकडे बघत बसू लागले. त्याच सुमारास इटलीतल्या त्रिएस्त इथे फ्रांको बझालिया या मनोविकारतज्ज्ञाच्या इस्पितळात दुसरी वाट निघाली. तिथल्या रोग्यांनी सहकारी संस्था काढली आणि जे वॉर्ड ते फुकट झाडत होते, त्यांच्याच सफाईचं कंत्राट पगारावर घेतलं. तोच झाडू, तीच फरशी. पुढे इटलीच्या 1991च्या कायद्याने अशा सामाजिक सहकारी संस्थांना मान्यता दिली, अट अशी की किमान 30 टक्के कामगार वंचित गटातले हवेत. सहकाराचा एवढा अभिमान बाळगणाऱ्या महाराष्ट्राला ही कल्पना साखर कारखान्यांइतकी जवळची वाटायला हरकत नव्हती. आपल्याकडे 2017च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात मात्र एक वाक्य आलं: उपचारकेंद्रात कुणाला सक्तीने कामाला लावायचं नाही, आणि काम केलं तर मोबदला द्यायचा.

इस्पितळं रिकामी होऊ लागली तेव्हा बाहेर आलेल्यांचं काय, हा प्रश्न उभा राहिला. न्यूयॉर्कमध्ये एका सरकारी मनोरुग्णालयातून सुटलेल्या काही जणांनी आपापसांत भेटायला सुरुवात केली होती. त्यातून 1948 साली ‘फाउंटन हाउस’ उभं राहिलं. तिथे येणाऱ्याला रोगी म्हणत नसत, सदस्य म्हणत. या क्लबाने एक हुशार युक्ती काढली. मालकाकडून नोकरीची जागा क्लबाच्या नावावर घ्यायची, सदस्यांनी ती आळीपाळीने काही महिने करायची, आणि एखादा सकाळी उठू शकला नाही तर त्या दिवशी क्लबाच्या कर्मचाऱ्याने जाऊन काम करायचं. मालकाचं नुकसान शून्य. उणीव एवढीच की जागा क्लबाची राहिली, माणसाची झाली नाही.

बाकी जगात शिडीची पद्धत रुजली. आधी दिवसभराचं केंद्र, मग संरक्षित कार्यशाळा, मग प्रशिक्षण, मग सराव, आणि सगळ्यात वरच्या पायरीवर खरी नोकरी. पाकिटं चिकटवायची, मेणबत्त्या ओतायच्या, दिवाळीला पणत्या रंगवायच्या. या केंद्रांना मी नावं ठेवत नाही. घरात कोंडून पडलेल्या माणसाला सकाळी अंघोळ करून कुठेतरी जायला कारण मिळणं ही लहान गोष्ट नाही, आणि दुपारचे चार तास मोकळे मिळालेल्या आईला विचारा त्याची किंमत. पण शिडी चढायला लागलेले बहुतेक जण खालच्या दोन पायऱ्यांवरच म्हातारे झाले. ‘अजून तयार नाही’ हे वाक्य ठरवणाऱ्याच्या सोयीचं असतं. बी.कॉम. झालेल्या मुलाने पंधरा वर्षं पणत्या रंगवल्या, तर त्याची कसली तयारी झाली? पणत्या रंगवायची.

उलटा विचार पहिल्यांदा मानसिक आजाराच्या क्षेत्रात झाला नाही. बौद्धिक अपंगत्व असलेल्यांना आधी खऱ्या जागेवर नेऊन ठेवायचं आणि काम तिथेच शिकवायचं, हा प्रयोग पॉल वेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या व्हर्जिनियात केला. 1986 साली अमेरिकेच्या पुनर्वसन कायद्यात ‘आधारित रोजगार’ हा शब्द आला. मग न्यू हॅम्पशरमध्ये रॉबर्ट ड्रेक हे मनोविकारतज्ज्ञ आणि डेबोरा बेकर या पुनर्वसन कार्यकर्त्या यांनी तो धागा उचलला. तिथल्या लेबनन या छोट्या गावातल्या केंद्राने दिवसभराचा कार्यक्रम चक्क बंद केला आणि तिथले कर्मचारी लोकांना नोकरी शोधून देण्याच्या कामाला लावले. लोकांचे आजार बळावतील, इस्पितळात भरती वाढेल, अशी भीती होती. तसं काही झालं नाही. नोकऱ्या करणारे मात्र वाढले. पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही, हे आपल्या आज्यांना ठाऊक असलेलं तत्त्व अशा रीतीने संशोधनातून सिद्ध झालं.

1993 साली बेकर आणि ड्रेक यांनी या पद्धतीची पुस्तिका लिहिली. पद्धतीचे नियम साधे आहेत. ज्याला काम करायचं आहे त्याला घ्यायचं. आजार किती गंभीर, लक्षणं किती, हे पाहून कुणाला वगळायचं नाही. शोध लगेच सुरू करायचा. काम त्याच्या आवडीचं, बाजारभावाच्या पगाराचं, चारचौघांत. नोकरी शोधून देणारा माणूस डॉक्टरच्या चमूतच बसणार, म्हणजे गोळीने सकाळी झापड येते हे त्याच दिवशी डॉक्टरला कळणार. नोकरी लागल्यावर पाठिंबा काढून घ्यायचा नाही. आणि एक नियम, ज्याकडे मी परत येणार आहे: पगार आणि सरकारी मदत यांचा हिशेब सुरुवातीलाच बसून मांडायचा.

खरा बदल मला या यादीत दिसत नाही, तो प्रश्नात दिसतो. ट्यूकपासून शिडीपर्यंत सगळे विचारत होते, “हा कामाला लायक आहे का?” इथे पहिल्यांदा त्या माणसालाच विचारलं गेलं, “तुला कसलं काम करायचंय?” युरोपात ही पद्धत चालेल का, याची परीक्षा लंडन, उल्म, रिमिनी, झुरिक, ग्रोनिंगेन आणि सोफिया या सहा शहरांत घेतली गेली. 312 जणांच्या त्या चाचणीचे निष्कर्ष 2007 साली ‘लॅन्सेट’मध्ये आले: या पद्धतीने 55 टक्के लोकांना काम मिळालं, नेहमीच्या व्यवसाय-प्रशिक्षणाने 28 टक्के.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण वाटेत पेन्शन उभी होती.

अमेरिकेत अपंगत्वाचं निवृत्तिवेतन 1956 साली सुरू झालं आणि त्याची व्याख्याच अशी की लक्षणीय कमाईचं कोणतंही काम करायला माणूस असमर्थ असला पाहिजे. महिन्याची मर्यादा ठरलेली. 2010 साली ती अंध नसलेल्यांसाठी 1,000 डॉलर होती. नऊ महिन्यांची चाचणी-मुदत असते, तीत कमाईने पेन्शनला धक्का लागत नाही. पुढे सवलती संपल्या की मर्यादेच्या वर एक डॉलर गेला तरी धनादेश थांबू शकतो. एकदा आजाराने नोकरी गेलेल्या, पुन्हा उलटण्याची भीती असलेल्या माणसाने अशा वेळी काय करावं? बहुतेकांनी शहाणपणाचं तेच केलं, पेन्शन धरून ठेवली. 1999च्या कायद्यात तिथल्या संसदेनेच नोंदवलं की काम करून पेन्शनच्या यादीतून बाहेर पडणारे अर्ध्या टक्क्याहूनही कमी आहेत.

म्हणून 2006 ते 2010 या काळात तिथल्या सामाजिक सुरक्षा प्रशासनाने मोठा प्रयोग केला. छिन्नमनस्कता किंवा गंभीर भावविकार असलेले 2,238 पेन्शनधारक, 23 ठिकाणं. निम्म्यांना आधारित रोजगार, नीट औषधोपचार आणि तीन वर्षं अपंगत्वाची फेरतपासणी होणार नाही, असं आश्वासन. त्यांच्यातल्या सुमारे 60 टक्के लोकांनी पगारी काम केलं. दुसऱ्या गटात सुमारे 40 टक्के. पेन्शन सोडून जाण्याइतकी कमाई मात्र फार थोड्यांची झाली. त्यावर काही जण म्हणाले, मग सरकारचा पैसा वाचला कुठे? मला हा आक्षेप कोता वाटतो. आठवड्याला पंधरा तास दुकानात उभा राहणारा, सहकाऱ्यांबरोबर डबा खाणारा माणूस ‘पेन्शनवरच आहे’ एवढंच ज्याला दिसतं, त्याने पेन्शन कशासाठी असते याचा विचार केलेला नाही. तिच्या भरवशावरच तो दुकानात उभा आहे.

आता आपल्याकडे. मानसिक आजाराचं अपंगत्व मोजायला ‘आयडियाज’ नावाची मोजपट्टी आहे. स्वतःची निगा, माणसांशी संबंध, संवाद आणि समज, काम, या चार बाबींना शून्य ते चार गुण. त्यात आजाराच्या वर्षांचे गुण मिळवायचे. बेरीज सात झाली की 40 टक्के अपंगत्व, म्हणजे प्रमाणपत्राचे बरेचसे लाभ. समजा एकाची बेरीज आठ आहे, त्यात कामाचे तीन. त्याला नोकरी लागली, कामाचे गुण तीनावरून एकावर आले, बेरीज सहा. प्रमाणपत्राच्या उपयोगावर पाणी. संजय गांधी निराधार योजनेत अपंगांसाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला 50,000 रुपये, महिन्याला सव्वाचार हजारही नाहीत. घरातल्या कुणी दाराशी वॉचमन म्हणून उभं राहायचं ठरवलं, तरी ती ओलांडली जाते.

बैठकीतल्या वडिलांचा प्रश्न मात्र बहुधा कुटुंबनिवृत्तिवेतनाचा असतो. केंद्र सरकारी कर्मचाऱ्याच्या मुलाला मानसिक विकारामुळे उपजीविका करता येत नसेल, तर आईवडिलांच्या पश्चात त्याला ते आजन्म मिळतं. ‘आमच्यानंतर याचं काय’ या प्रश्नाला सरकारने दिलेलं हे ठोस उत्तर. त्याला कोण धक्का लावेल? फेब्रुवारी 2021पर्यंत मुलाची कमाई 9,000 रुपये अधिक त्यावरची महागाईवाढ यांच्या वर गेली की ते थांबे. तेव्हा नियम बदलला: मुलाचं इतर उत्पन्न पालकाच्या शेवटच्या वेतनाचे 30 टक्के अधिक त्यावरची महागाईवाढ यापेक्षा कमी असेल, तर पेन्शन चालू राहते. शेवटचं वेतन 60,000 असेल तर मर्यादा 18,000 आणि वर महागाईवाढ. दुकानातली अर्धवेळ नोकरी, झेरॉक्सच्या दुकानातलं काम, घरून डेटा भरणं, हे सगळं त्यात बसतं.

तरीही ‘नोकरी लागली की पेन्शन गेली’ हे वाक्य घराघरात तसंच आहे आणि त्या भीतीपोटी किती चांगली कामं नाकारली जातात, याची मोजदाद कुणी ठेवत नाही. आपल्याकडे प्रत्येक शुभार्थीमागे नोकरी शोधून देणारा माणूस आज नाही, उद्याही नसेल. पण न्यू हॅम्पशरच्या पद्धतीतला, हिशेब सुरुवातीलाच मांडण्याचा नियम फुकट आहे. तुमच्या घरी असा कुणी असेल, आणि पेन्शन केंद्र सरकारची असेल, तर पेन्शन मंजुरीचा आदेश कपाटातून काढा. त्यावर शेवटचं वेतन लिहिलेलं असतं. त्याचे 30 टक्के काढा, महागाईवाढ मिळवा, तो आकडा कागदावर लिहा आणि मुलाला दाखवून विचारा की यात बसणारं कसलं काम करायला त्याला आवडेल.