निवारा कोणाला?

"आपल्याच माणसांना जमीन नाही, मग परक्या निर्वासितांना कशाला?" असा सवाल आपणही करतो. विचार करा. आजच्या गोंदिया जिल्ह्यात गोठणगावला १९७२ साली तिबेटी निर्वासितांची वसाहत उभी राहिली. शेतीला जमीन मिळाली. आपल्या नंदुरबारातील मणिबेलीचे काय झाले? बुडण्यापूर्वी पुनर्वसन करा, अशी अट नर्मदा लवादाने १९७९ सालीच घातली होती. तरी १९९३ साली सरदार सरोवराच्या पाण्यात तेथील घरे गेली. आदिवासींचा निवारा तिबेट्यांनी हिरावला नाही. दिलेला शब्द पाळला गेला नाही. तेव्हा जाब शब्द देणाऱ्याला विचारा, निराश्रिताला नव्हे. गावकुसाबाहेरचे जिणे जगलेले आपण कोणाला "दूर राहा" म्हणणार आहोत काय?