ताकातले थेंब

वकिलाच्या दारी माणसे बहुधा वाटणीचे तंटे घेऊन येतात. परंतु क्वचित असाही प्रश्न येतो की, ज्याचे उत्तर कायद्याच्या पुस्तकात अर्धेच सापडते. काही वर्षांपूर्वी एक वृद्ध माता माझ्याकडे आली. तिचा मुलगा देवळात भजनाला पखवाज वाजवीत असे. पुढे त्याचे चित्त भ्रमले. अन्नात कोणी विष कालवते अशा समजुतीने तो ताट दूर लोटी. औषध घेण्यास तो मुळीच तयार नव्हता. तेव्हा डॉक्टरांनी दिलेले हॅलोपेरिडॉलचे थेंब ती त्याच्या नकळत ताकातून देऊ लागली. हळूहळू मुलगा निवळला, देवळातही जाऊ लागला. मात्र पखवाजावर त्याची बोटे पूर्वीसारखी चालेनात. देवाने आपला हात काढून घेतला, असे तो म्हणू लागला. "वकीलसाहेब, माझ्या हातून पाप झाले का?" एवढेच तिला विचारावयाचे होते.

हे औषध १९५८ साली बेल्जियममध्ये पॉल यान्सेन यांच्या प्रयोगशाळेत सिद्ध झाले. मेंदूतील डोपामिन नामक द्रव्याचे कार्य ते अडविते, आणि त्यायोगे भास व भलते संशय ओसरतात. परंतु अंगाची सहज हालचालही त्याच द्रव्यावर अवलंबून असल्याने स्नायू ताठरतात, हात कापतात. थेंबांना रंग नाही, वास नाही, चव नाही. म्हणून ते लपवून देणे सोपे.

सोव्हिएत संघराज्यात लिओनिद प्ल्युश्च या गणितज्ञाला राजकीय मतांसाठी मनोरुग्णालयात डांबून हेच औषध देण्यात आले होते; १९७६ साली त्याची सुटका झाली. त्या सत्तेच्या आणि या मातेच्या हेतूंत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. तथापि हेतू शुद्ध असला म्हणजे प्रश्न मिटतो असे नाही. घेणाऱ्याला कोणी विचारले नाही, एवढे साम्य उरतेच.

यावर कोणी म्हणेल, ज्याचा विवेकच झाकोळला त्याला विचारावयाचे काय? हा आक्षेप खरा आहे. घर पेटले असता आत निजलेल्याची परवानगी मागत कोणी बसत नाही. मुलगा अन्न टाकून झिजत असताना मातेने जे केले, त्याला मी पाप म्हणणार नाही. परंतु आग विझल्यावर, जागा झालेला माणूस "काय झाले?" असे विचारतो, तेव्हा त्याला खरे सांगणे आपणावर बंधनकारक होते. येथे तर मौनाने दुहेरी अनर्थ केला. अन्नात कोणी काही कालवते हा त्याचा भ्रम आपणच खरा करून ठेवला. आणि बोटे कशाने आखडली हे ठाऊक नसल्यामुळे डॉक्टरांना सांगून मात्रा बदलून घेण्याची वाटही त्याला बंद झाली.

१८७२ च्या भारतीय करार कायद्याचे १२ वे कलम सांगते की, एरवी भ्रमिष्ट असणारा मनुष्य मधूनमधून शुद्धीवर येत असेल, तर त्या शुद्धीच्या काळात तो करार करू शकतो. शेताच्या तुकड्याबाबत ज्याचा शब्द आपण प्रमाण मानतो, त्याच्या स्वतःच्या देहाबाबत तो का मानू नये? २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने हे मान्य केले आहे. विवेक शाबूत असताना, पुढे आजार बळावल्यास कोणते उपचार हवेत, कोणते नकोत, आणि आपल्या वतीने कोणी बोलावे, हे लिहून ठेवण्याचा अधिकार त्याने प्रौढ माणसाला दिला. निकडीच्या प्रसंगी डॉक्टरांचे हात त्या लेखाने बांधले जात नाहीत. औषधाने परत आणलेल्या शहाणपणाला प्रश्न विचारणे, हाच त्या औषधाचा खरा मान होय.

मी त्या माउलीला म्हणालो, "पाप झाले नाही, पण ऋण राहिले आहे. डॉक्टरांना बरोबर घेऊन त्याला सर्व सांगा. औषध एकाएकी मात्र तोडू नका." तिने तसे केले. दोन दिवस मुलगा तिच्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी त्याने ताक मागितले आणि थेंब आपल्या हाताने घातले. पुढे मात्रा उतरविली गेली. बोटेही थोडीफार सुटली. देवावरचा आळ मात्र त्याच दिवशी उतरला होता.