सोसणे आणि सांगणे

दुखणे मुकाट्याने सोसणाऱ्या माणसाविषयी आपल्या समाजात मोठा आदर आहे. घरातील एखादे वडीलधारे माणूस कुरकुर न करता आजार काढते, तेव्हा आपण त्याच्या सोशिकपणाची वाखाणणी करतो आणि लेकीसुनांना त्याचा दाखला देतो. हा आदर अस्थानी आहे असे कोणी म्हणणार नाही. परंतु काही व्याधी अशा असतात, की त्यांच्या बाबतीत हा सद्गुण कोठे संपतो आणि असत्य कोठे सुरू होते, याचा विचार करणे प्राप्त होते. डॉक्टर ज्याला ‘सीओपीडी’ म्हणतात, तो फुप्फुसांचा दीर्घकालीन विकार अशांपैकीच एक होय.

दम्यात आकुंचित झालेल्या श्वासनलिका पुष्कळदा पुन्हा मोकळ्या होतात. या विकारात त्या पूर्ववत होत नाहीत. तंबाखूचा धूर हे त्याचे ठळक कारण खरे; पण विडीला कधी स्पर्शही न केलेल्या, मात्र चुलीपुढे उभा जन्म घालविलेल्या स्त्रियांनाही तो जडतो. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांनी २००९ साली ‘लॅन्सेट’मधील लेखात याकडे जगाचे लक्ष वेधले होते.

हा विकार वाढतो तो चोरपावलांनी. रोगी प्रथम टेकडीवरच्या देवळाच्या पायऱ्या सोडतो. मग प्रदक्षिणा सोडून सभामंडपात बसू लागतो. पुढे पालखीच्या दिवशीही घरूनच हात जोडतो. या प्रत्येक टप्प्यावर त्याला ‘दम लागतो का?’ असे विचारले, तर तो ‘नाही’ म्हणतो. शब्दशः पाहता ते खोटे नसते. जो चालतच नाही, त्याला दम कोठून लागणार? या रोगाचे खरे माप केवळ लागणाऱ्या धापेत सापडत नाही. माणसाने काय काय सोडून दिले, त्या यादीत ते सापडते. आणि ही यादी त्याच्यावाचून दुसऱ्या कोणालाही पुरती ठाऊक नसते.

औषधयोजना वेळोवेळी नव्याने तपासावी लागते, ती याच यादीच्या आधारे. इन्हेलरचे औषध फुप्फुसांत पोचते की घशातच राहते, हे रोग्याने तो डॉक्टरांसमोर ओढून दाखविल्याखेरीज कळत नाही. श्वासावाटे घेतलेल्या स्टेरॉइडने या रोग्यांत न्यूमोनियाचा धोका वाढतो; म्हणून ज्याला त्याचा लाभ नाही, त्याचे ते थांबवावेही लागते. प्राणवायूचीही तीच गोष्ट. रक्तातील प्राणवायू फार उतरलेल्या रोग्यांना तो दिवसाचे १५ तास वा त्याहून अधिक काळ दिल्यास आयुष्य वाढते, हे १९८० व १९८१ साली अमेरिकेत व ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांतून दिसून आले. परंतु ज्यांच्यात ही उणीव मध्यम होती, त्यांना त्यापासून तसा लाभ होत नाही, असे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन चाचणीत आढळले. तेव्हा एकाला जे जीवनदायी, ते दुसऱ्याला केवळ ओझे. हा विवेक डॉक्टरांनी करावयाचा; पण ‘बरे आहे’ एवढ्या दोन शब्दांवर त्यांनी तो कसा करावा?

येथे कोणी तितिक्षेचा आधार घेईल. आचार्यांच्या नावावर असलेल्या ‘विवेकचूडामणी’त तितिक्षेची व्याख्या करताना दुःखाचा प्रतिकार न करता ते सहन करणे, असे म्हटलेले आहेच. परंतु ती मुमुक्षूची साधना आहे; आणि तेथेही वर्ज्य मानली आहेत ती चिंता व विलाप. आपली अवस्था जशी आहे तशी सांगणे म्हणजे विलाप नव्हे. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात शीतोष्ण आणि सुखदुःखे सोसण्याचा उपदेश आहे, तोही हातपाय गाळून बसलेल्या अर्जुनाला उठवून कर्तव्याला लावण्यासाठी. सोसणे आणि प्रयत्न यांत विरोध असता, तर तो उपदेश त्या जागी आलाच नसता.

चरकाने तर याहून पुढचे पाऊल टाकले आहे. वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी हे चिकित्सेचे चार पाद सांगून त्याने रोग्याचेही गुण सांगितले: स्मृती, वैद्याच्या आज्ञेचे पालन, निर्भयता आणि ज्ञापकत्व. ज्ञापकत्व म्हणजे आपला रोग नीट सांगता येणे. ते रोग्याचे गुण आहेत असे चरक म्हणतो, हे लक्षात घेण्याजोगे आहे. न सांगणारा रोगी चौथा पायच काढून घेतो.

अर्थात सांगणे सोपे नाही, कारण त्याचा भार इतरांवर पडतो. देवघरातील धूप-अगरबत्तीचा धूर सोसवत नाही, हे सुनेला कसे सांगावे? घरात प्राणवायूचे यंत्र आले, की आगीच्या भयाने समई आणि निरांजन त्यापासून दूर ठेवावे लागते. पिढ्यांचा रिवाज आपल्यापायी मोडावा काय, या संकोचाने कित्येक वृद्ध मूग गिळून बसतात. त्यांचा संकोच थोर आहे. पण पुढे अपरात्री इस्पितळाकडे धावताना घरच्यांना जी किंमत द्यावी लागते, ती वेगळ्या कोनाड्यात ठेवलेल्या समईहून फार मोठी असते. देवाला दूरच्या समईचा प्रकाश कमी पडेल, असे मानण्याचे कारण नाही.

आणि सांगण्यात ‘आता पुरे’ हेही येते. शेवटच्या अवस्थेत कृत्रिम श्वासयंत्र लावावे की नाही, याविषयीची आपली इच्छा आधी लिहून ठेवण्याचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी मान्य केला व २०२३ साली त्याची रीत सुलभ केली. कोणी यंत्राची निवड करील, कोणी नाकारील. दोहोंतही अधर्म नाही. अधर्म असेल तर तो हा निर्णय घाबरलेल्या मुलांच्या माथी टाकण्यात आहे. कारण या व्याधीत बोलायलाही श्वास लागतो, आणि तो दिवसेंदिवस उणा होत जातो. जे सांगावयाचे, ते तो पुरेसा असतानाच सांगितले पाहिजे. त्यानंतर जे उरेल, ते अवश्य सोसावे. ती तितिक्षा मग निखळ असेल.