भुकेवर औषध आहे, संयमाचे काय?



रविवारची मिस्सा संपल्यावर चर्चच्या आवारात आपण घोळक्याने उभे राहतो, तेव्हा हल्ली एक विषय हमखास निघतो. कोणीतरी सहा-आठ महिन्यांत चांगलेच बारीक झालेले असते आणि हळू आवाजात विचारणा होते, "इंजेक्शन घेतलं की काय?" त्या विचारण्यात कुतूहल असते, तसा थोडा ठपकाही असतो. जणू त्या माणसाने परीक्षेत कॉपी करून नंबर मिळवला! ज्याला विचारले तोही बहुधा "छे हो, रोज चालायला जातो" असे सांगून विषय टाळतो.

हा ठपका योग्य आहे का? वजन कमी करण्यासाठी औषध घेणे म्हणजे संयमाच्या कष्टाची वाट सोडून आडवाट धरणे आहे का? श्रद्धावंत म्हणून या प्रश्नाचा आपण थोडा शांतपणे विचार करू या.

प्रथम हे औषध काय आहे ते पाहू. आपण जेवलो की आतड्यातून जीएलपी-१ नावाचे एक संप्रेरक रक्तात उतरते. ते स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला सांगते, जठर सावकाश रिकामे होऊ देते आणि मेंदूला "आता पुरे" असा निरोप देते. देवाने दिलेला हा निरोप्या दोन-चार मिनिटांतच विरून जातो. शास्त्रज्ञांनी त्याच्यासारखेच पण शरीरात कितीतरी अधिक काळ टिकणारे औषध तयार केले. या कुळातले पहिले औषध अमेरिकेत २००५ साली मधुमेहासाठी मंजूर झाले. त्याचे मूळ सापडले ते तिकडच्या वाळवंटात राहणाऱ्या गिला मॉन्स्टर नावाच्या विषारी सरड्याच्या विषात! पुढे सेमाग्लुटाइड आले. ते आठवड्यातून एकदा टोचले की पुरते. अमेरिकेत ते २०१७ साली मधुमेहासाठी आणि २०२१ साली वजनासाठी मंजूर झाले. आपल्या देशात मार्च २०२५ मध्ये मौंजारो आणि जून २०२५ मध्ये वेगोव्ही ही इंजेक्शने बाजारात आली.

जुन्या करारातील बेनसिराच्या ग्रंथाचा ३८वा अध्याय आपण घरी जरूर वाचावा. वैद्याचा मान राखा, कारण त्यालाही परमेश्वरानेच निर्माण केले आहे. औषधे परमेश्वरानेच मातीतून उगवली आहेत आणि शहाणा माणूस त्यांना तुच्छ लेखत नाही, असा त्याचा आशय आहे. आजारपणात प्रार्थना कर आणि वैद्यालाही जागा दे, असे तो ग्रंथ सांगतो. प्रार्थना की औषध, असा झगडा आपल्या श्रद्धेत नाही.

यावर कोणी म्हणेल, "ताप आला तर औषध घ्यावे हे मान्य. पण लठ्ठपणा हा काय आजार आहे? तोंडावर ताबा ठेवला की झाले!" ठपक्याचे मूळ नेमके इथे आहे. लठ्ठपणा म्हणजे खादाडपणा आणि खादाडपणा हे तर सात घातकी पापांपैकी एक, अशी सरळ बेरीज आपण मनात करून टाकतो. ही बेरीज चुकीची आहे. विज्ञान तिला दुजोरा देत नाही आणि ख्रिस्तसभेची शिकवणही देत नाही.

विज्ञान काय सांगते? वजन वाढण्यात अनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो. झोप, मानसिक ताण, काही औषधे, थायरॉइडसारखे विकार यांचाही त्यात हात असतो. शिवाय वजन उतरले की शरीर स्वस्थ बसत नाही. ते गेलेले वजन परत मागते. ऑस्ट्रेलियात झालेल्या आणि २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, वजन कमी केलेल्या माणसांच्या रक्तातील भूक वाढवणारी संप्रेरके वर्षभरानंतरही चढीच आढळली. म्हणजे ज्याला आपण "तोंडावर ताबा नाही" म्हणून हिणवतो, तो कदाचित आपल्यापेक्षा कितीतरी मोठ्या भुकेशी रोज झुंजत असतो.

आपल्या वसईचेच पाहा. आपले आजोबा-पणजोबा पहाटेपासून वाडीत राबत. केळी, पानवेल, भाजी, फुले यांची मशागत करून घरी आले की ताटभर भात जिरून जाई. आज त्यांची नातवंडे सकाळची लोकल पकडून मुंबईला जातात, दिवसभर खुर्चीत बसतात आणि रात्री उशिरा जेवतात. ताट तेच राहिले, घाम गेला. यात कोणा एकाचे पाप शोधायचे?

आता ख्रिस्तसभेची शिकवण पाहू. खादाडपणाचा विचार पोप संत ग्रेगरी द ग्रेट यांनी केला आणि पुढे तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी तो नीट मांडला. हे थॉमस स्वतः देहाने चांगलेच स्थूल होते, असे परंपरा सांगते! त्यांनी खादाडपणाचे पाच प्रकार सांगितले आहेत: वेळेआधी खाणे, फार महागडे खाणे, प्रमाणाबाहेर खाणे, अधाशीपणे खाणे आणि फार चोखंदळपणे खाणे. यातल्या एकाही प्रकारात वजनाचा काटा नाही. जो सडपातळ गृहस्थ पापलेट मनासारखे तळले नाही म्हणून पत्नीवर खेकसतो, तो या यादीत बसतो. जी स्थूल माउली सर्वांना वाढून झाल्यावर उरलेसुरले खाते, ती बसत नाही. पाप अंतःकरणात असते, कमरेच्या घेरात नसते.

म्हणून डॉक्टरांनी तपासून दिलेले इंजेक्शन एखादी व्यक्ती घेत असेल, तर तिने संकोचू नये आणि आपणही तिला पापनिवेदनाच्या खुर्चीत बसवू नये. मधुमेह, रक्तदाब, गुडघेदुखी, घोरण्याचा विकार यांनी बेजार झालेल्या माणसाला या औषधाने खराच आधार मिळतो. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत जवळजवळ दोन हजार माणसांनी भाग घेतला होता. आहार आणि व्यायामाच्या जोडीने सेमाग्लुटाइड घेणाऱ्यांचे वजन ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्के उतरले. ज्यांना त्याच जोडीने औषधाऐवजी बनावट सुई दिली होती, त्यांचे अडीच टक्केही उतरले नाही. २०२३ साली १७,००० हून अधिक हृदयरुग्णांवरील चाचणीचा निष्कर्ष आला. वजन जास्त असलेल्या या रुग्णांमध्ये हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि हृदयविकाराने येणारा मृत्यू यांचे प्रमाण या औषधाने २० टक्क्यांनी घटले. वाचलेला प्रत्येक जीव ही देवाची देणगीच आहे.

मग सगळे ठीकच आहे का? तसेही नाही. औषध भूक कमी करते, पण संयम देत नाही. भूक आणि संयम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्याला भूकच नाही, त्याने ताट बाजूला सारले तर त्याला संयमी कोण म्हणेल? संयम म्हणजे देवाने दिलेली प्रत्येक चांगली गोष्ट योग्य हेतूने आणि योग्य मापाने वापरण्याची सवय. कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथाच्या २२९०व्या परिच्छेदात संयमाची व्याप्ती सांगताना अन्न, मद्य आणि तंबाखू यांच्या जोडीला औषधाचेही नाव घेतले आहे, हे आपण लक्षात ठेवले पाहिजे. औषधाचाही अतिरेक होऊ शकतो. आणि त्याच्याच आधीच्या परिच्छेदात देहाची पूजा मांडण्याविरुद्ध इशारा आहे. देह हे पवित्र आत्म्याचे मंदिर आहे, असे संत पौल सांगतात. मंदिराची डागडुजी करावी, पण मंदिरालाच देव करू नये.

या कसोटीवर आपण स्वतःला तीन प्रश्न विचारू शकतो.

पहिला प्रश्न: हे मी कशासाठी घेतो आहे? लग्न तीन महिन्यांवर आले आहे, गाऊन घट्ट होतो आहे, फोटो चांगले यायला हवेत, म्हणून धडधाकट मुलीने ही सुई टोचून घ्यावी का? आम्हाला वाटते, नाही. मळमळ, उलट्या, बद्धकोष्ठ हे त्रास अनेकांना होतात. पित्ताशयात खडे होणे, स्वादुपिंडाला सूज येणे असे गंभीर विकारही काहींना होऊ शकतात. चरबीबरोबर स्नायूही झडतात. गर्भारपणात तर हे औषध चालतच नाही आणि सेमाग्लुटाइड घेणाऱ्या स्त्रीने मूल होऊ देण्याचा विचार असल्यास किमान दोन महिने आधी ते थांबवायचे असते. नवविवाहितेच्या घरी हे ठाऊक नको का? आणि त्या मुलीला "जरा बारीक हो, नाहीतर कसं दिसेल?" असे सतत टोचणारे आपणच असू, तर सुईचा दोष तिच्या एकटीच्या माथी कसा मारायचा?

दुसरा प्रश्न: मी हे सत्याने घेतो आहे का? डॉक्टरांना अंधारात ठेवून, मैत्रिणीकडची उरलेली पेन वापरून किंवा कोणा ओळखीच्याकडून स्वस्तात मिळवून हे औषध घेणे जिवावर बेतू शकते. जून २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बनावट सेमाग्लुटाइडबद्दल जगाला सावध केले होते. सत्याची दुसरी बाजू म्हणजे हे औषध थांबवले की काय होते, हे मान्य करणे. वर सांगितलेल्या चाचणीतील काही जणांवर पुढे वर्षभर लक्ष ठेवले, तेव्हा औषध सोडल्यावर उतरलेल्या वजनापैकी सुमारे दोन-तृतीयांश वजन परत आलेले दिसले. म्हणजे बहुतेकांसाठी ही दीर्घकाळाची वाट आहे. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२५ मध्ये लठ्ठपणावर ही औषधे वापरण्याबद्दल मार्गदर्शन केले, तेव्हा सकस आहार आणि व्यायाम यांची जोडही सांगितली. औषधाने भुकेचा गलका थांबतो. त्या शांततेत नवी सवय लावायची की नाही, हे आपल्याच हाती राहते.

तिसरा प्रश्न: माझा शेजारी कुठे आहे? मौंजारो भारतात आले तेव्हा सर्वांत लहान डोसच्या एका कुपीची किंमत ३,५०० रुपये होती. आठवड्याला एक म्हणजे महिन्याला १४,००० रुपये. सेमाग्लुटाइडच्या भारतातील पेटंटची मुदत मार्च २०२६पर्यंतची होती. अशी मुदत सरली की इतर कंपन्यांना वाट मोकळी होते आणि भाव उतरण्याची आशा असते. परंतु न्यायाचा प्रश्न नुसत्या भावाचा नाही. २०२२ पासून अमेरिकेत या औषधाचा तुटवडा पडला आणि ज्या मधुमेहींसाठी ते मुळात आले होते, त्यांच्यापैकी अनेकांना ते मिळेनासे झाले. आपल्या देशात २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात २४ टक्के स्त्रियांचे वजन प्रमाणाबाहेर आढळले आणि जवळजवळ १९ टक्के स्त्रिया प्रमाणाबाहेर कृश आढळल्या. एकीच्या घरी भूक मारण्यासाठी औषध येते, दुसरीच्या घरी भूक भागवण्यासाठी तांदूळ नसतो. दोघीही देवाच्याच लेकी.

इथे उपवासकाळाचा विषय येतो. राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे या दोन दिवशी १८ ते ५९ वर्षे वयाच्या श्रद्धावंतांनी उपवास करावा, असा ख्रिस्तसभेचा नियम आहे. आजारी माणसांना त्यातून सूट आहे. मग जो हे इंजेक्शन घेतो, ज्याला भूकच लागत नाही, त्याच्या उपवासाला काय अर्थ? प्रश्न चमत्कारिक वाटेल, पण तो आपणा सर्वांनाच उपयोगी आहे. यशया संदेष्ट्याच्या ५८व्या अध्यायात देवाला आवडणारा उपवास कोणता ते सांगितले आहे: आपली भाकर भुकेल्याबरोबर वाटून खाणे. उपवासाचे मोल पोटातल्या कळेने ठरत नाही, तर त्यातून दुसऱ्याच्या ताटात काय पडले त्याने ठरते. तेव्हा ज्याला भुकेचा त्याग करता येत नाही, त्याने दुसरा त्याग शोधावा. न खाल्लेल्या जेवणाचे पैसे सेंट व्हिन्सेंट डी पॉलच्या पेटीत टाकावेत. आपल्यातल्या ज्यांना औषधाची गरज नाही, त्यांनीही तेच करावे. मात्र मधुमेहींनी आणि ही औषधे घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपाशी राहू नये.

शेवटी आपल्या सर्वांच्या घराचे थोडे बोलू. आपल्याकडे पाहुणचार म्हणजे आग्रह. लग्नाच्या मांडवात, सणाला, नाताळात "आणखी एक घ्याच, नाहीतर आम्हाला वाईट वाटेल" असे म्हणत आपण ताटे भरतो आणि तोच माणूस पाठमोरा झाला की त्याच्या पोटावर विनोद करतो. या दोन्ही सवयी आपण सोडू शकतो. कोणी "पुरे" म्हटले तर ते पहिल्यांदाच ऐकावे. लहान ख्रिस्ती समूहाच्या सभेत चहाबरोबर फरसाणाऐवजी फळे ठेवावीत. संध्याकाळी दोन शेजारणींनी मिळून चर्चपर्यंत चालत यावे. आणि कोणी बारीक झालेले दिसले, तर कसे ते विचारण्याआधी "तब्येत बरी आहे ना?" एवढेच प्रेमाने विचारावे.

प्रभू येशू जेवणावळींना जात असे. त्यामुळे लोकांनी त्यालाही खादाड म्हणून नावे ठेवली होती, असे शुभवर्तमान सांगते. पण त्याने कोणाचे ताट मोजले नाही. तो भुकेल्यांना जेवू घालत होता आणि आजाऱ्यांना बरे करत होता. औषध घेणारे आणि न घेणारे, कृश आणि स्थूल, आपण सारे दर रविवारी त्याच एका मेजाभोवती जमतो आणि तिथे प्रत्येकाच्या वाट्याला सारखाच ख्रिस्तप्रसाद येतो. तिथून परतताना एकमेकांकडे त्याच्या नजरेने पाहण्याची कृपा आपण मागू या.