हाक आणि ओ

संगीत ऐकल्याने माणूस चांगला होतो काय? आपल्या सुशिक्षित समाजात या प्रश्नाचे होकारार्थी उत्तर इतके गृहीत धरलेले असते, की तो विचारणाराच अरसिक ठरावा. आम्हीही याच मताचे होतो. ऑस्ट्रियातील साल्झबर्ग येथे एका उन्हाळ्यात काही दिवस राहण्याचा योग आला आणि त्या मताला तडा गेला.

मोझार्टच्या या जन्मगावी उन्हाळ्यात संगीत-नाट्यमहोत्सव भरतो. त्या दिवसांत गावाचे जणू दोन भाग पडतात. एक उंची वस्त्रे लेवून महोत्सवगृहाकडे निघालेला. दुसरा पहाटे पाव भाजणारा, हॉटेलांतील चादरी धुणारा, रात्री उशिरा बस चालविणारा. पाऊस आला की उघड्यावरचा प्रयोग छपराखाली न्यावा लागतो आणि या दुसऱ्या भागाची धावपळ आणखी वाढते.

उघड्यावरचा हा प्रयोग म्हणजे होफमान्स्टालचे ‘येडरमान’ हे नाटक. नावाचा अर्थ ‘प्रत्येक माणूस’. २२ ऑगस्ट १९२० रोजी कॅथीड्रलसमोरच्या चौकात माक्स राइनहार्टने हे नाटक सादर केले आणि महोत्सवाचा आरंभ झाला. एका धनिकाला मृत्यूचे बोलावणे येते. मित्र, आप्त, द्रव्य सारे पाठ फिरवितात. सोबत उरतात ती त्याची सत्कृत्ये आणि श्रद्धा. मेजवानी ऐन रंगात असताना त्याच्या नावाची हाक ऐकू येते. ती मनोऱ्यांवरून आणि टेकडीवरच्या किल्ल्यावरून दिली जात असल्यामुळे तिकीट काढलेल्यांपुरती राहत नाही. आसपासच्या घरांतही पोचते.

आम्ही ज्यांच्याकडे खोली घेतली होती, त्या वृद्ध बाई ती हाक ऐकली की हातातली इस्त्री खाली ठेवीत आणि घड्याळाकडे पाहत. खेळ सुटला की खानावळीत गर्दी होई आणि तेथे त्यांचा मुलगा वाढप्याचे काम करी. एका संध्याकाळी त्या मोडक्या इंग्रजीत सहज म्हणाल्या, “माझी आई चर्चच्या गायनवृंदात गात असे. मोझार्टचे प्रार्थनासंगीत तिला तोंडपाठ होते. पलीकडच्या चौकात पुस्तके जाळली, तेव्हा त्या गर्दीतही ती होती. तिने मला कधी सांगितले नाही, मावशीकडून कळले.” एवढे बोलून त्यांनी पुन्हा इस्त्री हाती घेतली.

ही घटना ३० एप्रिल १९३८ ची; तो चौक कॅथीड्रलला लागूनच आहे. राइनहार्ट ज्यू होता. त्याचे नाटक बंद पडले, त्याचा वाडा जप्त झाला, आणि १९४३ साली तो न्यूयॉर्कमध्ये वारला. तोस्कानिनीने १९३८ च्या महोत्सवास येण्याचे नाकारले. संगीत मात्र त्या उन्हाळ्यातही चालूच राहिले.

मग संगीतच खोटे म्हणावे काय? तसे आम्हांस वाटत नाही. त्या मातेचा ऊर गाताना भरून येत असेल तर तो खराच भरून येत असेल. आपल्याकडे श्रवणाची महती मोठी. पण जाणत्यांनी श्रवणापुढे मनन आणि निदिध्यासन अशा आणखी दोन पायऱ्या सांगितल्या आहेत. पहिल्याच पायरीवर बसून राहणारा सुखावतो, बदलत नाही. संगीत हाक घालते; ओ आपण द्यायची असते. टाळ्या म्हणजे ओ नव्हे. ती द्यायची जागा सभागृहाबाहेर, शेजाऱ्याच्या दारात आणि चौकातल्या गर्दीत असते.

परप्रांतात राहणारे आम्ही मराठी लोकही वर्षातून एकदा मांडव घालतो, गवई बोलावतो, भैरवीला डोळे पुसतो, आणि सतरंज्या उचलायला मागे कोण राहिले हे न पाहता घरी परततो. साल्झबर्गला नावे ठेवण्याचा अधिकार आम्हांस नाही.

त्या बाईंना आईची ती गोष्ट मनातच ठेवता आली असती. त्यांनी ती एका परक्या पाहुण्याला सांगितली, आईच्या गाण्यासह सांगितली, काही वगळले नाही. त्या संध्याकाळी किल्ल्यावरून आलेल्या हाकेला आम्ही ऐकलेली ती एकच ओ.